२० वॅट टाइप-सी चार्जर: सोलापूरच्या उन्हाळ्यात कसा?
नवी पेठेत सहज मिळणारा २० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची पद्धत) चार्जर घेण्याजोगा आहे. ९ व्होल्टला २.२२ अँपिअर देतो. जुनी यूएसबी-ए केबल मात्र यात बसत नाही. चार्जिंगला लावताना फोन बंद करायची गरज नाही. नुसता पडून असलेला फोन फारच थोडी वीज खातो, त्यामुळे तो बंद करून वेळ किंचितच वाचतो.

बॅटरीला मारते ती उष्णता. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि लिथियम बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंश! म्हणून भर दुपारी पत्र्याखाली, गादीवर किंवा जाड कव्हरात चार्जिंग नकोच. गेम, व्हिडिओ कॉलही नकोत. तापलेला फोन स्वतःच करंट कमी करतो, तो चार्जरचा दोष नव्हे. घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्यासोबतचा आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघाच.