पिशवीतला जुना बेल्ट

माझ्या घरच्या गॅरेजच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक रबरी बेल्ट ठेवला आहे. त्याला आडव्या भेगा गेल्यात, एका ठिकाणी दोन दात झिजलेत. "हा तुमच्या गाडीतून निघाला. वेळेवर आलात," असं सांगून तो माझ्या हातात दिला गेला होता. मी तो घरी आणला, बायकोला दाखवला, दोन मित्रांना दाखवला आणि आपण योग्य वेळी खर्च केला याचं समाधान मानलं. तो बेल्ट माझ्या गाडीचा नव्हताच. माझ्याकडून १,८७० डॉलर घेतले होते आणि माझ्या गाडीतला बेल्ट होता तिथेच होता. ज्यांच्याकडे जुनी पण कमी रनिंगची गाडी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गाडी १९९९ सालची माझदा मियाटा: दोन सीटा, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर आणि हाताने मागे दुमडायचं कापडी छत. पहिली मालकीण एक निवृत्त शिक्षिका होती. बाईंनी गाडी जपून आणि क्वचितच वापरली. २०२१ साली आम्ही घेतली तेव्हा मीटरवर ३८,००० मैल होते. साताऱ्याला लहानपणी बाबा दर रविवारी पद्मिनीचं बोनेट उघडून बसायचे आणि मी हातात पाना धरून शेजारी उभा असायचो. तेव्हापासून अशी एक गाडी आपल्या दारात असावी ही इच्छा होती, ती चाळिशीत पुरी झाली.

२०२३ च्या फेब्रुवारीत मोठी सर्व्हिसिंग करायचं ठरवलं. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या एका मित्राने गॅरेज सुचवलं. त्याने तिथे फक्त टायर बदलून घेतले होते, हे मी नंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेट उघडलं आणि मला अर्धा तास समजावून सांगितलं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडाव्यात म्हणून फिरणारा दातेरी पट्टा) साठ हजार मैलांवर बदलतात हे बरोबर, पण रबर मैल मोजत नाही, वर्षं मोजतं. चोवीस वर्षांचा बेल्ट उभ्या गाडीतही वाळतो. वॉटर पंप त्याच बेल्टच्या मागे बसतो, तेव्हा एकदा एवढं खोललंच आहे तर पंप, ताण देणारी पुली आणि क्रँक-कॅम या इंजिनातल्या दांड्यांचे ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या कड्या) एकदमच बदलावेत, म्हणजे तीच मजुरी पुन्हा पडत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० अंशांनाच उकळू शकतं. मग घाटात उतरताना पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. कूलंटमधला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातला, गंजरोधकही कालांतराने संपतो.

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी घरी येऊन प्रत्येक गोष्ट पडताळून पाहिली आणि प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली. मी फसलो तो इथेच. माणूस खरं बोलतो आहे याची खात्री झाली, तेव्हा तो काम करेल याचीही खात्री आपोआप धरली. बोलणं तपासता येतं. काम मात्र प्लास्टिकच्या कव्हरामागे होतं आणि तिकडे बघायचं मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. बिलात सगळं होतं: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल. बोनेट उघडून पाहिलं तर ब्रेक ऑइलच्या डबीत स्वच्छ, पाण्यासारखं ऑइल. कूलंटच्या डबीत हिरवंगार कूलंट. आणि ती पिशवी.

जुलैत एका शनिवारी सकाळी मी मुलीला घेऊन निघालो. डंबार्टन पूल ओलांडून वुडसाइडमार्गे वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला, छत उघडं. वर पोचल्यावर गोडसर वास आला. काटा मध्यावरच होता. या गाडीचा तापमानाचा काटा इंजिन खरंच तापेपर्यंत मध्यावरून हलत नाही, म्हणून मी त्याच्यावर विसंबलो नाही आणि गाडी बाजूला घेतली. इंजिनाच्या पुढच्या बाजूने कूलंटचे थेंब पडत होते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबलो, पाणी भरलं आणि टो करून गाडी खाली आणली.

या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ आहेत, एकटेच काम करतात. त्यांना मी अभिमानाने सांगितलं की पंप पाच महिन्यांपूर्वीच नवा घातला आहे. ते काही बोलले नाहीत. बेल्टचं वरचं कव्हर काढलं आणि मला टॉर्च धरायला सांगितला. आत बेल्टवर माझदाचा मूळ छाप पुसट दिसत होता. कव्हरच्या बोल्टांच्या खाचांत वर्षानुवर्षांची चिकट धूळ तशीच होती. पाना लागल्याची खूण नाही. सील खराब झालं की पाणी बाहेर यावं म्हणून पंपाला एक छोटं भोक असतं, गळती तिथूनच होत होती. पंपही मूळचाच.

मी घरी जाऊन पिशवी घेऊन आलो. त्यांनी तो बेल्ट गाडीतल्या बेल्टशेजारी धरला. रुंदी वेगळी, दातांचा आकार वेगळा. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा बेल्ट मी पाच महिने जपून ठेवला होता.

मग त्यांनी चाकं काढली. ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल अजूनही बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं, पण मागच्या चाकाजवळ ब्लीडर, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडला तेव्हा काळ्या चहासारखं ऑइल बाहेर आलं. फक्त वरच्या डबीतलं ऑइल ओढून काढून तिथे नवं भरलं होतं. खाली चाकापर्यंतच्या नळ्यांत जुनंच. कूलंटचंही तेच. डिफरन्शियलच्या प्लगवर मातीचा थर होता, तो आजवर कुणी हलवलेलाच नव्हता. बेल्टचं मला दुःख झालं, पण ब्रेकचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. ब्रेकला अशी सवलत नसते. त्या उतारावरून मी मुलीला शेजारी बसवून कितीदा खाली आलो होतो.

त्या गृहस्थांनी एक शहाणपणाचं काम केलं, पुढे काहीही खोलण्याआधी फोटो काढले. मीटरचं रीडिंग, बेल्ट, बोल्ट, पंप, बाटलीत धरलेलं ऑइल. काय दिसलं ते आपल्या लेटरहेडवर लिहून सही करून दिलं. पहिल्या गॅरेजवाल्याने फोनवर आधी "पार्टच सदोष निघाला असेल" म्हटलं, मग "कामावरच्या मुलाकडून चूक झाली असेल," आणि मग फोन घेणं बंद केलं.

कॅलिफोर्नियात गॅरेजांवर देखरेखीसाठी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर नावाचं सरकारी खातं आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत. कायद्याने गॅरेजला कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं, तुमच्या संमतीशिवाय त्यावर एक डॉलरही वाढवता येत नाही, आणि काम देताना तुम्ही मागितलंत तर काढलेले पार्ट परत द्यावे लागतात. मी सही केली तेव्हा जुने पार्ट मागायचं लक्षातच आलं नाही. मागितले असते तर त्याला फक्त बेल्ट नव्हे, पंपही दाखवावा लागला असता. कुठला तरी बेल्ट पिशवीत घालून देणं सोपं आहे. त्याच गाडीचा, त्याच वयाचा पंप शोधून आणणं तितकं सोपं नाही.

हे खातं पैसे परत करण्याचा हुकूम देऊ शकत नाही, मध्यस्थी करतं. माझ्या बाबतीत तेवढं पुरलं. दोन महिन्यांनी १,३०० डॉलरचा चेक आला. उरलेल्यासाठी स्मॉल क्लेम्स कोर्टात जाता आलं असतं, तिथे वकील लागत नाही. पण मी नाही गेलो, आणि आता वाटतं की जायला हवं होतं. महाराष्ट्रात हाच प्रकार झाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. कुठेही असा, बिल आणि फोटो मात्र हवेतच.

कमी रनिंगच्या गाडीत ही फसवणूक सोपी जाते, कारण मालक वर्षाला हजार-दीड हजार मैल चालवतो. न केलेलं काम उघडं पडायला वर्षं जातात, तोवर पावती हरवलेली असते. माझा पंप पाच महिन्यांत गळला म्हणून मला कळलं, नाहीतर कळलंच नसतं.

आता मी गाडी देण्याआधी नेलपॉलिशने खुणा करतो. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या प्लगवर, बेल्टच्या कव्हरच्या बोल्टांवर, बोल्टपासून शेजारच्या धातूपर्यंत एक बारीक रेघ. बोल्ट फिरला की रेघ तुटते. ब्रेक ऑइल बदलून घेतलं तर डबीत डोकावून समाधान मानत नाही, माझ्यासमोर चारही चाकांचं ब्लीडिंग करा, म्हणजे चाकाजवळून जुनं ऑइल काढून टाका, म्हणून सांगतो. टायरचा नक्षा कितीही खोल असला तरी बाजूवरचे चार आकडे वाचतो. २३१२ असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे जुना टायर. आणि जुने पार्ट परत हवेत हे सही करण्याआधी कागदावर लिहून घेतो. यावर ज्याने कपाळाला आठ्या घातल्या, त्याच्याकडे गाडी ठेवत नाही. "हिला पार्ट मिळत नाहीत" म्हणून कुणी भाव वाढवला तर ऐकू नका. माझदाने २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनवल्या. बेल्ट, पंप, सील सगळं सहज मिळतं.

नवा बेल्ट आणि पंप त्या वृद्ध मेकॅनिकनी बसवला. काढलेला माझा खरा बेल्ट त्यांनी न मागता दिला, तो आता त्याच फळीवर दुसऱ्या पिशवीत आहे. ब्रेकचं ब्लीडिंग मात्र आम्ही घरीच करतो. मुलगी सीटवर बसून पॅडल दाबते, मी खालून "दाब… धर… सोड" म्हणतो आणि ती बाटलीतलं ऑइल स्वच्छ होईपर्यंत मोजत राहते.