पहिलं क्रेडिट कार्ड: एफडीवरचं, पगारखात्यावरचं, की आधी मोबाईलचा हप्ता?

हिंजवडीत किंवा चाकणला नवी नोकरी लागली, पगार वेळेवर जमा होतो, कुणाचं एक रुपयाचं देणं नाही, आणि तरीही चांगल्या कार्डाचा अर्ज नामंजूर होतो. अशा मुलामुलींना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काहीच नसतं. बँकेला पगार दिसतो, पण घेतलेले पैसे तुम्ही कसे फेडता हे कुठेच दिसत नाही. सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी, म्हणजे क्रेडिट ब्युरो. त्या नोंदींवरून ती देते तो स्कोअर ३०० ते ९०० मधला असतो, पण ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलंच नाही त्याच्या रिपोर्टवर आकडाच येत नाही. घरभाडं, लाइटबिल, भिशी वर्षानुवर्षं वेळच्या वेळी भरली तरी ती इथे मोजली जात नाही. पतसंस्थेचं कर्ज फेडलं असेल, तर ती माहिती क्रेडिट ब्युरोकडे जाते का, हे तिथेच विचारून घ्या. सगळ्या पतसंस्थांची जात नाही.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत आधीच सांगतो. पगारखातं असलेल्या बँकेने स्वतःहून बिनफीचं कार्ड देऊ केलं असेल तर ते घ्या. नसेल तर एफडीवरचं, म्हणजे बँकेतली मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं, कार्ड काढा. हप्त्याच्या वाटेला तेव्हाच जा, जेव्हा ती वस्तू तुम्हाला घ्यायचीच आहे. नुसत्या सिबिलसाठी मोबाईल घेऊ नका.

पगारखात्यावरच्या कार्डात पैसे अडकत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. बँकेच्या ॲपमध्ये मंजूर झालेली ऑफर दिसते का ते पाहा, पहिल्या वर्षाची फी आणि दुसऱ्या वर्षापासूनची फी वेगळी तर नाही ना तेही वाचा. अडचण एवढीच की ही ऑफर प्रत्येकाला येत नाही, आणि वाट पाहून कंटाळलेला माणूस मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरत सुटतो. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. इतिहास कोरा आणि चौकश्या चार, असा रिपोर्ट पुढच्या बँकेला ‘हा पैशांसाठी धावतोय’ असंच सांगतो. आपण स्वतः आपला रिपोर्ट पाहिला तर मात्र काहीही कमी होत नाही, त्याची भीती बाळगू नका.

एफडीवरच्या कार्डाबद्दल जास्त लिहितो, कारण गरज असलेल्यांनाच त्याची माहिती कमी असते. समजा, तुम्ही ३०,००० रुपयांची एफडी ठेवली. बँकेने ८० टक्के लिमिट दिलं तर कार्ड २४,००० चं होतं. हे प्रमाण प्रत्येक बँकेत वेगळं असतं. एफडीवर व्याज चालूच राहतं, फक्त कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. पाच वर्षांची करबचत एफडी यासाठी चालत नाही, वेगळी ठेवावी लागते. तारण असल्यामुळे पगाराची स्लिप बहुतेक ठिकाणी लागत नाही. म्हणून विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या बायका, छोटा धंदा करणारे, सगळ्यांना हे दार उघडं आहे. जुनं कर्ज ‘सेटल’ करून, म्हणजे पूर्ण न फेडता कमी रकमेत मिटवून, ज्यांचं सिबिल खराब झालंय, त्यांनाही पुन्हा उभं राहायला याच्याइतकी सरळ वाट दुसरी मला दिसत नाही. रुपे कार्ड मिळालं तर ते यूपीआयला जोडून दुकानातला क्यूआर स्कॅन करूनही वापरता येतं, त्यामुळे रोजचा किराणा त्यावर टाकता येतो.

दोन गैरसमज मात्र महागात पडतात. पहिला, ‘पैसे माझेच आहेत, व्याज कसलं?’ बिल पूर्ण भरलं नाही तर या कार्डालाही इतर कार्डांसारखंच, बहुधा महिना ३ टक्क्यांच्या वर व्याज लागतं. म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांहून जास्त, वर जीएसटी, आणि एफडीवर तुम्हाला त्याच्या पाव हिस्साही मिळत नसतो. ६,००० च्या बिलावर ३०० रुपये मिनिमम ड्यू, म्हणजे बँकेने मागितलेली किमान रक्कम, भरले तर लेट फी वाचते, पण खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुसरा गैरसमज, ‘थकलं तर बँक एफडीतून घेईल.’ घेईल, पण तोवर थकबाकीची नोंद रिपोर्टवर गेलेली असेल. एफडीने बँकेचे पैसे सुरक्षित होतात. तुमचा इतिहास फक्त वेळेवर भरण्यानेच सुरक्षित राहतो.

आता हप्ता. कर्वे रोडवरच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात २४,००० चा फोन आठ हप्त्यांत, महिना ३,०००, ‘नो कॉस्ट’. आधार, पॅन, एक सेल्फी, की काम झालं. नवख्याला सहज मिळणारं हे कर्ज आहे आणि त्याची नोंदही ब्युरोकडे होते, हे खरं. पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं होतं. दुकानदाराला एकच विचारा: ‘आत्ता रोख दिले तर कितीला?’ त्या उत्तरातला फरक, प्रोसेसिंग फी आणि मध्येच चिकटवलेला विमा मिळून खरी किंमत कळते. शिवाय आठ महिन्यांनी खातं बंद झालं की नोंदीत भर पडायची थांबते. कार्ड चालू असेपर्यंत नोंद वाढत राहते. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी पडले तर दंड दोन्हीकडून, बँकेचाही आणि कर्ज देणाऱ्याचाही.

बाबांच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्यांच्याच कार्डखात्यावरचं जोडकार्ड, घेणं हा चौथा मार्ग म्हणून सुचवला जातो. सोयीचं आहे, पण परतफेड बाबांच्या नावावर जमा होते. तुमचा इतिहास त्याने बनत नाही.

रिपोर्ट उघडला की प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन दिसतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. वेळेवर भरलेल्या महिन्यात ‘०००’ किंवा ‘एसटीडी’, तीस दिवस उशीर झाला तर ‘०३०’. चांगलं कार्ड देणारी बँक हीच ओळ बघते. ती स्वच्छ ठेवायला पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावा, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल; मिनिममचं नको. अर्ज भरताना मिनिममचा पर्याय आधीच टिक केलेला असू शकतो, तेवढं तपासा. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर राहिला तर बरं. २४,००० च्या कार्डावर ते ७,२०० होतात. एखाद्या महिन्यात जास्त खर्च झालाच, तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती ब्युरोंकडे निदान पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसते आणि चूकही.

साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. मला विचाराल तर निदान वर्षभर त्या एकाच कार्डावर राहा आणि मग मोठ्या कार्डाचा एकच अर्ज करा. त्याआधी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंचा रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज किंवा चुकीची थकबाकी दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

नवं कार्ड हातात पडेपर्यंत एफडीवरचं बंद करू नका. नंतर बंद करायचं ठरलं तर शेवटचं बिल भरून लेखी अर्ज द्या. देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये दंड तिला लागतो. एफडीवरचा बोजा उतरल्याचं आणि काही बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतं का ते पाहा.