मडक्यावरची लंबी रोटी: घेताना काय पाहावं

मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबा चाटीने कुंभारांना दम भरला होता, हिला खापर द्यायचं नाही. मग मांडे भाजले ते ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर. ही कथा ठाऊक नसलेलं मराठी घर विरळाच. त्या मांड्याची बिनपुरणाची बहीण म्हणजे नागपूरची लंबी रोटी. पालथं मडकं, खाली लाकडाचा जाळ आणि लाटण्याशिवाय नुसत्या हातावर वाढवलेली रोटी.

तिची सगळी परीक्षा कणकेत आहे. लोकवन गव्हाचं बारीक पीठ वस्त्रगाळ करून घेतात, मीठ घालतात आणि आधी पोळीसारखंच भिजवतात. खरं काम त्यानंतरचं. पाण्याचे हबके मारत कणीक परातीत आपटत राहायची. किलोभर पिठात पाऊण लिटरच्या वर पाणी सहज जिरतं. उचलली की तार धरून लोंबली पाहिजे, पण तुटायला नको. मग निदान तासभर झाकून ठेवायची. इथे घाई झाली की रोटी हातावरच फाटते. काही जण त्यावर उपाय म्हणून मैदा मिसळतात. रोटी भराभर वाढते खरी, पण थंड झाली की चिवट होते. पांढरीफटक दिसली तर घेऊच नका. निव्वळ गव्हाची रोटी पिवळसर असते आणि तिला भाजल्या गव्हाचा वास येतो.

मडक्याकडेही लक्ष द्या. पुरेसं तापलेलं नसेल तर रोटी चिकटते आणि मधे कच्ची राहते. फार तापलं तर टेकताक्षणी काळे डाग पडतात आणि कडा कडक होतात. जाणती बाई पाणी शिंपडून अंदाज घेते आणि लाकूड आतबाहेर सरकवून जाळ सांभाळते. उंडा दोन्ही हातांवर झेलत ती कोपरापर्यंत वाढवते आणि एका झोक्यात मडक्यावर पसरते. एकही सुरकुती पडत नाही! मिनिटभरात रोटी उतरते, लगेच घडी होते. एवढ्या कसबाच्या रोटीसाठी घासाघीस करणं अजिबात शोभत नाही.

सोबत सावजी मटणाचा रस्सा हवा, शाकाहारी असाल तर पाटवडीचा. घडीचे पापुद्रे तर्री धरून ठेवतात, जाड पोळीला ते जमत नाही. उन्हाळ्यात आमरसाबरोबर खा.

घरी नेताना प्लास्टिकची पिशवी नको, वाफेने रोटी लगदा होते. सुती फडक्यात गुंडाळा. उघडी ठेवली तर कडा पापडासारख्या मोडतात. तसं झालं तर पाण्याचा हात फिरवून तापल्या तव्यावर पंधरा सेकंद ठेवा. दुसऱ्या दिवसासाठी मात्र घेऊ नका.