खाऱ्या वाऱ्यात मागचा बंपर कोणता घ्यावा: पाइप, पत्रा, स्टेनलेस की अ‍ॅल्युमिनियम?

गणपतीच्या आधी जुन्या थारचा मागचा बंपर उतरवला. वरून रंग ठीक होता, एका कोपऱ्यात दोन फोड आले होते, एवढंच. पाइपच्या खालच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर तो सरळ आत गेला. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं, त्यासोबत पोह्यांएवढे गंजाचे पापुद्रे. बंपर बसवून तीन पावसाळे झाले होते. त्याच्याच हुकाला पट्टा अडकवून मी दोन-तीन गाड्या चिखलातून ओढल्या होत्या. ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

आता दाराशी नवी थार आहे आणि तिचा मागचा बंपर प्लॅस्टिकचा आहे. बदलायचा का, आणि बदलला तर कोणता, यावर मी बराच वेळ घालवला आहे. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल आणि याच विचारात असाल, तर त्याचा उपयोग तुम्हालाही व्हावा. पुण्यात किंवा नाशकात चांगला ठरलेला बंपर आपल्याकडे चांगला ठरतोच असं नाही, कारण तिथे हवेत मीठ नसतं.

उंची आणि वजन

थारचा डिपार्चर अँगल 36.8 अंश आहे. मागचं चाक जमिनीवर असताना शेपटाखालून किती तीव्र चढ निघून जाईल, त्याचं हे माप. आपल्याकडे याची परीक्षा डोंगरात कमी आणि जेटीवर जास्त होते. दाभोळ-धोपावे फेरीतून ओहोटीच्या वेळी उतरून बघा. बोटीचा लोखंडी फाळका जवळजवळ सपाट पडलेला असतो आणि पुढे शेवाळलेला काँक्रीटचा चढ लागतो. पुढची चाकं चढाला लागली की गाडीचं शेपूट खाली बसतं. जुन्या बंपरने तिथे दर वेळी फाळक्यावर करकर केली आणि दर वेळी थोडा रंग तिथेच ठेवून आला.

ढोबळ हिशेब असा. मागचं चाक जिथे टेकतं तिथून 80 सेंटीमीटर मागे बंपरची खालची कड असेल आणि ती जमिनीपासून 60 सेंटीमीटर उंच असेल, तर कोन साधारण 37 अंश येतो. तीच कड 5 सेंटीमीटर खाली आली की कोन साडेचौतीसवर उतरतो. म्हणून बंपर बघायला जाल तेव्हा रंग बघण्याआधी दोरी आणि टेप काढा. मूळ बंपरपेक्षा खाली लोंबणारा कुठलाही बंपर, मग तो कितीही दणकट दिसो, मी नाकारेन.

दुसरी गोष्ट वजन. लोखंडाचा 3 मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. कोपरे, ब्रॅकेट, हुकाच्या पाट्या धरून पूर्ण रुंदीचा बंपर सहज 40-45 किलोवर जातो. थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर आहे. 45 किलोचा बंपर मागच्या आसापासून 80 सेंटीमीटर मागे टांगला, तर मागच्या आसावर जवळपास 60 किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा सुमारे 15 किलो उचलला जातो. त्यात वेगळ्या दांड्यावर स्टेपनी आणि डिझेलचा कॅन टांगणारा बंपर घेतलात, तर हा आकडा वाढतच जातो. पावसात घाट उतरताना पुढच्या चाकांवरचं वजन कमी होणं मला नको आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे फॅब्रिकेशनचं काम बरेचदा किलोवर होतं. जितकं लोखंड जास्त तितकं बिल जास्त, त्यामुळे ‘साहेब, पाच मिलिमीटर घालूया, आयुष्यभर बघायला नको’ असा आग्रह झाला की थोडं थांबा. गंज आत शिरला तर पाच मिलिमीटर पत्राही जातो, फक्त दोन पावसाळे उशिरा.

काळा पाइप

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपा आणि जिकडेतिकडे दिसणारा. दोन इंची एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप वाकवायचा, टोकं बंद करायची, रेड ऑक्साइडचा अस्तर मारायचा, वर काळा रंग. कुठल्याही तालुक्याच्या गावी दोन दिवसांत होतो, वाकला तर तिथल्या तिथे सरळ होतो. बागेच्या बांधावरून उलटं येताना चिऱ्याला लागला तर चिराच फुटतो.

याचं दुखणं आत असतं. वेल्डिंगच्या एखाद्या बारीक छिद्रातून, बोल्टच्या भोकातून खारट दमट हवा आत शिरते, रात्री गार पाइपवर तिचं पाणी होतं आणि ते खालच्या अंगाला साठतं. बाहेरून तुम्ही दर वर्षी रंग मारता, आतून कुणी मारत नाही. जुना बंपर बनवताना मी वेल्डरला विचारलं होतं, आतून काही लावायचं का? तो म्हणाला, “आतून कोण बघतंय?” मीही तेव्हा मान डोलावली होती.

पाइपच घ्यायचा असेल तर खालच्या बाजूला, प्रत्येक बाकाच्या सर्वांत खोल जागी, पाणी निथळायला 8-10 मिलिमीटरची भोकं ठेवायला सांगा आणि आत मेणासारखं चिकट रस्टप्रूफिंग फवारून घ्या. भोकं नसलेला बंद पाइप समुद्रकाठी घेऊच नका.

पत्र्याचा बंपर

कापून, घडी घालून, वेल्ड केलेला हा बंपर मागून उघडा ठेवता येतो. हाच त्याचा मोठा गुण. हात घालून धुता येतो, टॉर्च मारून बघता येतो, गंज दिसला तर घासून पुन्हा रंगवता येतो. वजन पाइपपेक्षा जास्त, पण लांबी कमी ठेवून कोपरे वर कापले तर डिपार्चर अँगल मूळ बंपरपेक्षा सुधारू शकतो. तयार किटमध्ये बहुतेक हाच प्रकार मिळतो आणि त्यांच्यावर पावडर कोटिंग असतं.

पावडर कोटिंगबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेकांची फसगत इथेच होते. भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजलेला तो थर दिसायला सुरेख असतो, रंगापेक्षा कठीणही असतो. पण जांभ्यावर एकदा घासला आणि नखाएवढा टवका उडाला, की खारं पाणी थराखाली शिरतं. मग गंज आतल्या आत पसरतो आणि वरचं कोटिंग पापडासारखं सुटं होतं. टवका उडाल्यावर पावडर कोटिंगमध्ये लोखंडाला वाचवणारं काही उरत नाही.

हॉट डिप गॅल्वनायझिंगचं तसं नाही. सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्ताच्या हौदात अख्खा बंपर बुडवतात. 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी 70 मायक्रॉनच्या आसपास जस्त बसतं, आतबाहेर, कोनाकोपऱ्यातसुद्धा. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ज्या गाडीचा बंपर दगडावर घासणारच आहे, तिला यापेक्षा योग्य संरक्षण मला तरी माहीत नाही.

मात्र काही अटी आहेत. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं बुडवण्याआधी झाली पाहिजेत, कारण नंतर ग्राइंडर लावला की तेवढं जस्त गेलं. कुठेही बंद पोकळी राहता कामा नये, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती हौदात फुटू शकते. म्हणून प्लांटवालेच भोकं पाडायला लावतात आणि तीच भोकं पुढे पाणी निथळायला कामी येतात. पातळ पत्रा उष्णतेने थोडा पीळ खाऊ शकतो, त्यामुळे बुडवण्याआधी गाडीवर बसवून माप घ्या आणि बोल्टची भोकं किंचित लांबट ठेवा. यासाठी बंपर पुण्या-मुंबईकडच्या औद्योगिक वसाहतीत पाठवावा लागेल, आठवडा-दोन आठवडे जातील. ‘कोल्ड गॅल्वनायझिंग’ म्हणून डब्यातून जे फवारतात, तो जस्ताचा रंग असतो. डागडुजीला चांगला, पण हौदाची जागा तो घेत नाही.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम

स्टेनलेसचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो, कारण घरातली भांडी गंजत नाहीत. पण बाजारात स्वस्तात मिळणारा चकचकीत पाइप बरेचदा 202 ग्रेडचा असतो आणि समुद्रकाठी त्याच्यावर पहिल्याच वर्षी तपकिरी डाग येतात. लोहचुंबक लावून बघण्याचा फायदा नाही, 202 आणि 304 दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. 304 बरा, तरी खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात. खरा उपयोगी तो 316, ज्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. तो महाग आहे आणि घेतलाच तर टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.

शिवाय एक अडचण उरतेच. स्टेनलेसचा मोठा बंपर साध्या लोखंडी चासीला बोल्ट केला आणि मध्ये खारट ओल राहिली, तर बंपर शाबूत राहतो आणि सांध्यापाशी चासी गंजते. बंपर नवा घेता येतो, चासी नाही. म्हणून स्टेनलेस माझ्या यादीतून बाहेर पडलं.

अ‍ॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश. 5052 हा ग्रेड समुद्राच्या हवेत छान टिकतो. पण त्याचं वेल्डिंग टिग (अक्रिय वायूच्या आवरणात जोडणाऱ्या) मशीनवर सराईत हातानेच व्हावं लागतं, आणि शृंगारतळीला संध्याकाळी पाच वाजता तडा गेलेलं अ‍ॅल्युमिनियम कोण जोडून देणार? ज्यांची गाडी बहुतेक रस्त्यावरच असते त्यांनी याचा विचार करावा, सांध्यात रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालून.

ओढण्याची जागा

बंपर घेण्याचं खरं कारण हेच असेल, तर बंपरकडे कमी आणि त्याच्या मागे जास्त बघा. शॅकलची (पट्टा अडकवायच्या लोखंडी कडीची) पाटी बंपरच्या पत्र्यावर वेल्ड केलेली असेल तर ती शोभेची आहे. ती पत्र्याच्या आरपार जाऊन ब्रॅकेटला, आणि ब्रॅकेट चासीच्या दोन्ही दांड्यांना भिडलेलं हवं. पाऊण इंची बो शॅकलवर (धनुष्याच्या आकाराच्या कडीवर) 4.75 टन असा सुरक्षित भार कोरलेला असतो. आकडा न कोरलेला शॅकल वापरू नका. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून गाडी कधीच ओढू नका, तो तुटून गोळ्यासारखा उडतो.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा बघा. पुष्कळ जण गंजाच्या भीतीने इथे स्टेनलेसचे बोल्ट घालतात. नेहमी मिळणारा ए2-70 ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट 450 मेगापास्कल ताणाला कायमचा ताणला जायला लागतो, तर 8.8 चा बोल्ट 640 ला. ओढण्याच्या जागी 8.8 चे, हॉट डिप केलेले बोल्टच घ्या. पिवळसर झाक असलेले साधे प्लेटिंगचे बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतात.

पुळणीत रुतलेली गाडी आणि वर चढत येणारी भरती, हा देखावा किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवसांत दिसतोच. बंपर कितीही चांगला असला तरी गाडी पुळणीवर उतरवू नका. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी तर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूत असतात.

लाइट, सेन्सर आणि कायदा

मारुती जिम्नीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. तिचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत. बंपर बदलला की दिवे, नंबर प्लेट आणि तिच्यावरचा दिवा यांना नवी जागा लागते, आणि सेन्सरची भोकं मूळ उंचीवर यायला हवीत. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, ते कापडात गुंडाळून डिकीत टाकण्याची गोष्ट नाही. इथे गावच्या कामापेक्षा त्या मॉडेलसाठीच बनवलेलं तयार किट उजवं ठरतं.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे आणि ती आपल्या बाजूची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघातानंतर वाद घालायची वेळ येऊ नये.

मग कोणी काय घ्यावं

महिन्यातून एखादा ट्रेक आणि एरवी बाजार, शाळा, हायवे, असं असेल तर मूळ प्लॅस्टिक बंपर राहू द्या. तो हलका आहे, गंजत नाही आणि धक्क्यात आधी स्वतः मोडतो. पूर्ण लोखंडी बंपर तोच धक्का थेट चासीला देतो. मूळ बंपरच्या मागे चासीला ओढण्याची पक्की जागा करून घ्या, खर्चाचा मोठा भाग वाचेल.

बागेत, चिरेखाणीच्या वाटेवर, पाणंदीत रोज गाडी जात असेल आणि परवानगीचा प्रश्न सुटला असेल, तर आखूड, कोपरे वर कापलेला, मागून उघडा, 3 मिलिमीटर पत्र्याचा, हॉट डिप केलेला बंपर घ्या. वेगळा स्टेपनीचा दांडा नको. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरताना आधी दांडा उघडा, मग दार उघडा, हे दिवसातून वीसदा करून बघा म्हणजे कळेल.

मी हाच दुसरा पर्याय धरला आहे. आराखडा पुठ्ठ्यावर कापून गाडीला लावून पाहिला, जेटीच्या उतारावर दोरी धरून कोनही मोजला. आरटीओतून उत्तर येईपर्यंत प्लॅस्टिकचा बंपर जागेवर आहे. दर फेरीनंतर मागची चासी गोड्या पाण्याने धुतो, पाइप आतपर्यंत घालून, उतरणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.