साखर व्यापाऱ्यांचे तळपाय आणि शहाची गादी: 'इराण बिट्वीन टू रेव्होल्यूशन्स'

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. व्यापारी आणि सरकार यांची ओढाताण रोजचीच, म्हणून इतिहासकार एरवांद अब्राहमियान यांच्या इराणवरच्या या ग्रंथात माझं लक्ष पहिल्यांदा बाजाराकडे गेलं. डिसेंबर १९०५. साखर महागली म्हणून तेहरानच्या गव्हर्नरनं साखरेच्या व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारवले. बाजार बंद पडला, मुल्ला व्यापाऱ्यांच्या बाजूनं उतरले आणि १९०६ मध्ये शहाला, म्हणजे इराणच्या राजाला, संविधान मान्य करावं लागलं. शीर्षकातल्या दोन क्रांत्यांपैकी ही पहिली. उसाच्या दरावरून रस्ते अडवणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

१९७५ मध्ये पुन्हा तोच उद्योग. महागाई आवरायला तेव्हाच्या शहानं (१९०६ चा नव्हे, इराणचा शेवटचा) दुकानांवर तपासनीस सोडले, सुमारे ८,००० दुकानदारांना तुरुंगात धाडलं. पुढे बाजारानं शहाला हटवणाऱ्या १९७९ च्या क्रांतीला पैसा का पुरवला, हे त्या दोन-तीन पानांत उघड होतं.

ग्रंथ १९८२ चा, प्रिन्स्टन विद्यापीठाचा. लेखकाचा मूळ अभ्यास तुदेह या डाव्या पक्षाचा, त्यामुळे मधला भाग त्यानंच भरलाय. पक्षात कोण होतं, कामगार किती, कारकून-शिक्षक किती, कुठल्या प्रांतातले, हे सगळं मांडलंय. मला तो भाग रेंगाळलेला वाटला. पण माहिती अशी चिकाटीनं गोळा केलेली क्वचित दिसते. मुख्य म्हणणं साधं आहे: शहानं अर्थकारण झपाट्यानं पुढं रेटलं, राजकारण मात्र कुलपात ठेवलं. पुस्तक फारसीत गेलं आणि खुद्द इराणात वाचलं गेलं, ही पावती मोठी.

इराणनं पंडितांनाही कामाला लावलं. क्रांत्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉचपोल यांचा १९७९ चा सिद्धांत असा की क्रांत्या कुणी घडवत नाही, त्या होतात. त्याच वर्षी तेहरानच्या रस्त्यांवर माणसांनी ठरवून क्रांती केली! बाईंनी १९८२ मध्ये लेख लिहून तेलाच्या पैशावर जगणारं राज्य आणि शिया परंपरा हिशेबात घेतली. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

उणीव एकच, खेडी कडेला राहतात. जमीनदार-कुळांसाठी अॅन लॅम्ब्टन यांचं १९५३ चं पुस्तक वेगळं घ्यावं लागेल. साडेपाचशेच्या वर पानं आहेत. नावांच्या गर्दीत दमायला होत असेल तर क्रांतीचा शेवटचा भाग आधी वाचा, तुदेह नंतर.