उद्देशिकेचा काळा टी-शर्ट, वर्षभरानंतर: कापड फर्स्टक्लास, मजकूर नापास

टी-शर्टवरच्या मजकुरावरून कस्टमर केअरशी चाललेलं भांडण संपलं, म्हणजे त्यांनी उत्तर देणं बंद केलं. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव देत नाही, कारण असाच माल विकणारे डझनभर आहेत आणि बहुतेकांची डिझाइनं एकमेकांवरून उचललेली आहेत.

२४० जीएसएम (म्हणजे जाड कापड), बायोवॉश (म्हणजे लव काढून मऊ केलेलं), खांद्याची शिवण खाली उतरलेली ती ड्रॉप शोल्डर, ओव्हरसाईझ, असा सगळा थाट. छातीवर डावीकडे भरतकामात ‘आम्ही, भारताचे लोक’ आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत संविधानाची अख्खी उद्देशिका. निदान जाहिरातीत तरी ‘अख्खी’ असंच लिहिलं होतं. २०२४ च्या दिवाळी सेलमध्ये ९९९ चा ७४९ ला घेतला. आमच्या घरात ७४९ चा टी-शर्ट ही बातमी असते. माझे बाकीचे टी-शर्ट मॅरेथॉनचे, बँकेचे आणि मेव्हण्याच्या कंपनीचे आहेत, म्हणजे सगळे फुकटचे. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना ही रक्कम माझ्या डोक्यात किती घट्ट बसली आहे, ते लक्षात असू द्या.

कापडाबद्दल आधी सांगून मोकळा होतो, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. वर्षभर मशीनमध्ये धुऊनही गळा सैल पडलेला नाही, शिवण तिरकी गेलेली नाही, काळा रंग थोडा विटलाय पण तपकिरी झालेला नाही. छातीवरचं भरतकाम तर पहिल्या दिवसासारखं आहे. इतकं असूनही हा टी-शर्ट मला वर्षभर छळतो आहे, तो पाठीवरच्या मजकुरामुळे.

पाठीवर छापलेलं घालणाऱ्याला दिसत नाही. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये चढल्यावर पाठ वळवायलासुद्धा जागा नसते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचा प्रसंग समजेल. ठाणं गेल्यावर मागून कुणीतरी शांतपणे वाचायला लागलं. आवाज वयस्कर, शिक्षकी.

“सार्वभौम... लोकशाही गणराज्य... अहो, मधले दोन शब्द कुठे गेले?”

“बरं झालं गेले ते,” दुसरा आवाज. “आणीबाणीत घुसवलेले.”

“घुसवलेले कसे? संसदेत रीतसर दुरुस्ती झाली आहे.”

“विरोधक तुरुंगात असताना!”

“मग आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली, त्यात का नाही काढले?”

यावर दुसऱ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, पण आवाज होता. मुलुंड, भांडुप, कांजूर, सगळी स्टेशनं या वादात गेली. त्यात आणखी तिघे शिरले. वाद माझ्या पाठीवर चाललेला आणि माझं तोंड दाराकडे. शेवटी एकाने माझ्या खांद्यावर बोट टेकवून विचारलं, “तुम्ही मुद्दाम घातलाय का असा?” मी म्हटलं, “काका, मला मजकूरच दिसत नाहीये.” घाटकोपरला निम्मी माणसं उतरली, दादरला मी.

घरी आल्यावर मुलाचं बालभारतीचं पुस्तक उघडलं. पुस्तकात उद्देशिका छापलेली असतेच. टी-शर्ट पलंगावर पसरला आणि ओळीला ओळ लावली. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे दोन्ही शब्द खरोखरच नव्हते. हे दोन्ही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, त्याआधी ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ एवढंच होतं. मी कंपनीला फोटोसकट मेल केला.

उत्तर आलं: “सर, हे डिझाइन १९४९ च्या ओरिजिनल उद्देशिकेवर आधारित आहे. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नसल्यामुळे रिटर्न लागू होत नाही.”

सात दिवसांची मुदत उलटून गेली होतीच, त्यामुळे रिटर्नचा मुद्दा मी सोडूनही दिला असता. पण ‘ओरिजिनल’ म्हटल्यावर मी पुन्हा पलंगावर बसलो. ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आणखी एक बदल केला होता, जो वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना सहसा आठवत नाही. आधी नुसती राष्ट्राची एकता होती, १९७६ मध्ये तिच्या जोडीला एकात्मता आली. माझ्या पाठीवर स्वच्छ छापलंय: ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’. म्हणजे हा मजकूर १९४९ चाही नाही आणि आजचाही नाही. एकाच दुरुस्तीतलं एक ठेवलं आणि दोन गाळले, असा मसुदा कुठल्याही संविधानसभेने किंवा संसदेने कधीच मंजूर केलेला नाही. तो फक्त ७४९ रुपयांत मिळतो.

हे मी त्यांना कळवलं. त्यावर आलं कूपन. १५० रुपयांचं, ९९९ च्या पुढच्या खरेदीवर, तीस दिवसांत वापरायचं. राजकारण राहू द्या बाजूला, पण चुकीच्या मालाची भरपाई म्हणून आणखी माल घ्यायला लावणं, याचा मला जास्त राग आला.

सुरुवातीला माझी खात्री होती की हे ठरवून केलेलं आहे. तसं वाटायला कारणंही होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रजासत्ताक दिनाच्या जाहिरातीत दुरुस्तीआधीची उद्देशिका वापरली, तेव्हा गदारोळ झाला होता. त्या वेळी शिवसेनेच्या संजय राऊतांनी हे शब्द कायमचेच वगळा अशी मागणी केली होती, ज्याची आठवण आज कुठलीच शिवसेना काढत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात खासदारांना दिलेल्या प्रतींत हे शब्द नाहीत म्हणून काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरींनी तक्रार केली, आणि सरकारकडून उत्तर आलं की ती मूळ प्रत आहे. कस्टमर केअरचं उत्तर मला उगाच ओळखीचं वाटलं नव्हतं.

पण पलंगावरच्या तिसऱ्या वाचनात दिसलं की ‘बंधुता प्रवर्धित करण्याचा’ऐवजी ‘प्रवर्तित’ छापलंय. तिथे माझं मत बदललं. ज्याला ‘प्रवर्धित’ नीट टाइप करता येत नाही, तो कसला वैचारिक कट करणार? कुठून तरी एक चित्र उचललं, कुठून तरी दुसरा मजकूर, दोन्ही जोडले आणि मशीनला पाठवले. निष्काळजीपणा आहे, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर कट असता तर मला इतकं लागलं नसतं, निदान कुणीतरी मन लावून काम केलं असं तरी म्हणता आलं असतं.

लोक मात्र निष्काळजीपणा म्हणून वाचत नाहीत. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला मी हाच घालून गेलो. त्या निवडणुकीत संविधान हाच प्रचाराचा मुद्दा झालेला. राहुल गांधी लाल मुखपृष्ठाची छोटी प्रत सभेत दाखवत होते आणि भाजप त्या लाल रंगावर आणि आतली पानं कोरी असण्यावर बोलत होता. आमचं केंद्र शाळेत होतं. रांगेत कुणी काही बोललं नाही. शाई लावून घेतली आणि यंत्राकडे वळलो, तशी पाठ दिसली. एका उमेदवाराचा पोलिंग एजंट उठून म्हणाला, “साहेब, हा प्रचार आहे.”

केंद्राध्यक्ष बाई होत्या. त्यांनी चष्मा वर करून माझी पाठ वरपासून खालपर्यंत वाचली. मी उभा. मग म्हणाल्या, “पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. ही तर बाहेर शाळेच्या भिंतीवरपण रंगवलेली आहे. ती पुसून घेऊ का?” एजंट बसला. मी मत दिलं आणि निघालो. नंतर नियम बघितला: लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३० नुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करता येत नाही, आणि त्याला दंड २५० रुपयांपर्यंत. म्हणजे टी-शर्टच्या किमतीचा तिसरा हिस्सा.

पाचच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने हे दोन शब्द वगळावेत अशी मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. ती बातमी मी कस्टमर केअरला पाठवली. उत्तर: “धन्यवाद सर, तुमचा फीडबॅक टीमकडे पाठवला आहे.”

मग जून २०२५ आला. आणीबाणीला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी हे शब्द उद्देशिकेत राहावेत का याचा विचार व्हावा असं म्हटलं, आणि माझ्या टी-शर्टचा अर्थ रातोरात बदलला. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी जिन्यात माझी पाठ थोपटली, “शाब्बास, बरोब्बर निवडलंत.” त्याच मजल्यावरचे दुसरे, ज्यांच्याशी माझं पाण्याच्या टाकीवरून सख्य होतं, ते आठवडाभर नीट बोलले नाहीत. मी काय निवडलं होतं? एल साईझ.

एका आजोबांचा आक्षेप वेगळाच होता: संविधान घामात भिजवता, हा अपमान नाही का? १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात संविधान जाळणं, फाडणं, तुडवणं हे गुन्हे आहेत. तिरंग्याच्या बाबतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर पोशाखात वापराला सवलत आहे, पण कमरेखाली आणि आतल्या कपड्यांवर नाही. मी त्यांना म्हटलं, माझी तर सगळी उद्देशिका कमरेच्या वर आहे. त्यांना विनोद आवडला नाही.

आता डिझाइनबद्दल. संदेशाचा टी-शर्ट हा लांबून वाचायची वस्तू आहे. १९८४ मध्ये कॅथरिन हॅमनेट ही ब्रिटिश डिझायनर पंतप्रधान थॅचरबाईंना भेटायला गेली, तेव्हा तिच्या अंगावर पर्शिंग क्षेपणास्त्रं ५८ टक्के लोकांना नकोत एवढंच लिहिलेलं होतं, फोटोत अख्खं वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मार्च २०२५ मध्ये द्रमुकचे खासदार मतदारसंघ पुनर्रचनेच्या विरोधातल्या घोषणा छापलेले टी-शर्ट घालून लोकसभेत आले आणि अध्यक्षांनी कामकाज थांबवलं. ऑगस्टमध्ये विरोधी खासदारांनी बिहारच्या मतदारयादीत वय १२४ लागलेल्या एका बाईंचा फोटो छातीवर मिरवला. त्या बाईंनीच नंतर विचारलं की माझा फोटो छापायचा अधिकार यांना दिला कुणी. रागवायला, टाळ्या वाजवायला दोन सेकंद पुरतात. माझ्या पाठीवर परिच्छेद आहे. त्यासाठी माणसाला मागे दोन स्टेशनं उभं राहावं लागतं. लोकलशिवाय हा टी-शर्ट कुठेच पूर्ण वाचला जात नाही.

प्रिंटचं तांत्रिक बोलायचं तर हे डीटीएफ आहे, म्हणजे फिल्मवर छापून, गोंदाची पावडर लावून गरम प्रेसने चिकटवलेलं. बारीक देवनागरीला ते सोयीचं, पण इथे अक्षरांभोवती जास्तीच्या गोंदाचा थर तसाच राहिलाय, त्यामुळे पाठीवर ताटाएवढा पापुद्रा होतो. एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली घाम अडकतो, टी-शर्ट काढताना चर्रर्र आवाज येतो. पावसाळ्यानंतर कडा सुटायला लागल्या. ‘अर्पण’वरचा रफार गेला, ‘दर्जाची’वरचाही. रफार सगळ्यात वर, सगळ्यात बारीक, म्हणून आधी जातो. यात कुणी प्रतीकं शोधू नयेत, बायकोने एकदा पाठीवरून इस्त्री फिरवली होती.

ऑक्टोबरपर्यंत माझा निकाल ‘घेऊ नका’ असाच होता. मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो. दरवर्षी जातो, मुख्यतः पुस्तकांसाठी. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी टी-शर्ट लटकवलेले असतात, जय भीम, बाबासाहेबांची सही, अशोकचक्र. एका पोराकडे निळा, उद्देशिकेचा, मराठीतला. मी सवयीने उभा राहून ओळ न् ओळ वाचली. पोरगा म्हणाला, “दादा, सगळं आहे. आमच्या सरांनी प्रूफ बघितलंय.” समाजवादी आहे, धर्मनिरपेक्ष आहे, एकता आहे, एकात्मता आहे, ‘प्रवर्धित’ आहे. स्क्रीन प्रिंट, पांढऱ्या शाईत. भाव २००, घासाघीस केली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यातलं हेच वाक्य खरं वाटणार नाही.

त्याचं कापड मात्र पातळ. पहिल्या धुण्यात निळा रंग माझ्या दोन बनियनना लागला, उंची दोन बोटं आटली, गळा महिनाभरात लोंबला. मजकुराला अजून तडासुद्धा नाही.

तर सध्याची परिस्थिती अशी: काळा घरी आणि भाजी आणायला, निळा बाहेर. मतदानाला दोन्ही नाही. १५ जानेवारीला महापालिकेच्या मतदानाला बायकोच्या अटीवर चौकड्यांचा शर्ट घालून गेलो.

काळा घ्यायचाच असेल तर ऑर्डर देण्याआधी पाठीचा फोटो मोठा करून ‘सार्वभौम’च्या पुढची ओळ आणि ‘राष्ट्राची’च्या पुढची ओळ वाचा. दोन्ही एकाच काळातल्या असतील तर घ्या. साईझ नेहमीपेक्षा एक नंबर लहान घ्या, फार सैल आहे. धुताना उलटा करून गार पाण्यात, इस्त्री फक्त पुढून. कूपन कोड कुणाला हवा असेल तर तो संपलाय.