प्रकाशोपचाराचा दिवा: सात महिने वापरल्यावर

झोपेची वेळ जागेवर आणण्यासाठी प्रखर प्रकाश देणारा हा दिवा लेकीसाठी घेतला. ती 15 वर्षांची आहे. दिवा चांगला आहे, पण तो नेमका कधी लावायचा हे कळेपर्यंत आमचा पहिला महिना वाया गेला, उलट त्रास वाढला. सोबतच्या माहितीपत्रकात ‘सकाळी 30 मिनिटे’ एवढंच होतं.

रात्री दोन-अडीचपर्यंत तिचा डोळ्याला डोळा लागायचा नाही, सकाळी सहाला हाका मारून मारून उठवायचं, मग वर्गात पेंगणं. मोबाइल काढून घेतला, तरी ती अंधारात टक्क जागी. आम्ही तिला आळशी म्हणत राहिलो, त्याचं आजही वाईट वाटतं. सुट्टीत मात्र अडीचला झोपून साडेअकराला आपणहून उठायची, अगदी ताजीतवानी. डॉक्टर म्हणाले, खूण हीच. झोप बिघडलेली नाही, झोपेची वेळ पुढे गेली आहे. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा पाझरू लागतं. सगळ्याच मुलांचं थोडंफार होतं, काहींचं फारच. आणि या वयात झोप तर 8 ते 10 तास लागते.

दिवा घेण्याआधी दोन आठवडे झोपेची डायरी लिहून घेतली होती: अंथरुणावर कधी पडली, झोप साधारण कधी लागली, जाग कधी आली, दुपारची डुलकी, चहा-कॉफी. घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री पाय वळवळतात का, मन उदास असतं का, हेही विचारलं. यातलं काही असेल तर उपचार वेगळे. पाय वळवळत असतील तर रक्तातलं लोह तपासतात. पायांच्या त्या त्रासावर हा दिवा कामाचा नाही.

आता आमची चूक. शाळेसाठी सहाला उठवून लगेच दिवा लावायचो. शरीराचं तापमान आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं. त्यानंतरचा प्रकाश झोप अलीकडे आणतो, त्याआधीचा आणखी पुढे ढकलतो. तिचा तो क्षण साडेआठ-नऊचा. म्हणजे सहाचा प्रकाश तिच्या शरीरासाठी मध्यरात्रीचाच होता! मग शाळेला लांब सुट्टी लागल्यावर सकाळी साडेअकरापासून सुरुवात केली आणि दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आलो. संध्याकाळी घरातले दिवे मंद. डॉक्टरांनी काही आठवडे मेलाटोनिनची लहान मात्राही दिली होती. ती मनाने देऊ नका.

दिव्याचा 10,000 लक्स (लक्स म्हणजे प्रकाश किती पडतो याचं माप) हा आकडा ठरावीक अंतरावरचाच असतो. आमच्या दिव्याला ते 30 सेंमी आहे, दूर ठेवला तर प्रकाश झपाट्याने कमी होतो. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, बाजूला ठेवून नाश्ता करायचा. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, मग थांबलं. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलरचा (मन कधी अतिउत्साही, कधी खूप खिन्न होण्याचा) त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिव्याचा स्टँड डगमगतो, ही तक्रार आहेच. ऊन असेल तेव्हा आम्ही दिवा लावत नाही, ती बाहेर फिरून येते. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता ती पावणेअकराला झोपते, साडेसहाला उठते. आठ तासांना अजून थोडं कमीच. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त लोळू देत नाही, कारण दोन दिवस सूट दिली की सोमवारी पुन्हा तेच. परीक्षेच्या आठवड्यात झोप साडेबारावर गेली, तेव्हा डायरी परत काढली. या वेळी ती स्वतःच लिहिते आहे.